खुर्चीवरचा स्वेटर

वर्षभर नोकरीसाठी चपला झिजवल्यावर ती शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचली होती. साहेबांनी तिला चाचणीसाठी एका टेबलाशी बसवलं. “जागा रिकामीच आहे,” ते म्हणाले. रिकामी कसली डोंबलाची! खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता, टेबलावरचा चहा अजून कोमट होता. इतक्यात त्या जागेवरच्या वयस्कर बाई आल्या. “तूच का गं ती? साहेब म्हणालेच, तुमच्या हाताखाली मदतनीस देतो, नीट शिकवा. देव पावला गं!” बाईंनी कुलुपं, पासवर्ड, गिऱ्हाइकांच्या खोडी, सगळं हातचं न राखता सांगितलं. तिच्या अंगावर काटा आला; मागच्या नोकरीत अशीच मदतनीस तिने शिकवून तयार केली आणि साहेबांनी तिलाच घरी बसवलं होतं. “थंडी वाजतेय का? घाल हा,” म्हणत त्यांनी स्वतःचा स्वेटर तिच्या खांद्यांवर टाकला. दारातून साहेबांनी विचारलं, “मग, कधीपासून येताय?” तिने स्वेटर घट्ट ओढला. “उद्यापासून.”