पिवळट उजेड

"दुकानदारानं फसवलंय तुम्हाला. हाही उजेड पिवळाच!" मायक्रोस्कोपमधून डोळे न काढताच डॉक्टर हेमलताबाई नवऱ्यावर डाफरल्या. मायक्रोस्कोपचा जुना बल्ब काढून घरीच एलईडी बसवण्यात त्याचा अख्खा रविवार गेला होता.

त्यानं वाकून पाहिलं. "पांढराशुभ्र तर आहे."

चूक झाकतोय, झालं. त्यांनी सुनेला हाक मारली. तीही पॅथॉलॉजिस्ट, पण सासूबाई तिला एकही स्लाइड तपासू देत नसत.

"पांढराच आहे, आई."

दोघं मिळालेले दिसतात! त्या तणतणत उठल्या, तर समोर खुंटीवर त्यांचा अ‍ॅप्रन. तोही पिवळट. त्यावरूनच परवा धोब्याला झापलं होतं.

"हा अ‍ॅप्रन कसा दिसतो गं?"

"पांढरा. का हो?"

हेमलताबाईंनी आपली खुर्ची सुनेकडे सरकवली.

"बस. मोतीबिंदू असणार मला. या महिन्यातल्या सगळ्या स्लाइड्स पुन्हा तपास."