पान एकशे बारा

“सर, पान एकशे बारावरची सिद्धता चुकलीय,” अलीझा म्हणाली.

रेवणसिद्ध सरांनी हातावरचा खडू झटकला. पहाटे पाचपासूनची चौथी बॅच नुकतीच सुटली होती. घसा बसला होता, पाय भरून आले होते, आणि आता हे. लातूरच्या निम्म्या चौकांत त्यांच्या नावाचे फलक होते आणि प्रत्येकावर नावापेक्षा ‘डॉ.’ मोठा होता. त्या एका अक्षराच्या जोरावर दर जूनला हॉल भरायचा.

अलीझा त्यांच्याच क्लासची. आता नांदेडला एम.एस्सी. करत होती. तिथल्या ग्रंथालयात तिला सरांचा प्रबंध सापडला होता: ‘अवकल समीकरणांच्या कॅनॉनिकल प्रणालींचा वर्णपटीय सिद्धांत’. भूकंपाच्या वर्षातला. नाव भारदस्त, पण आतली गोष्ट तशी साधी. ताणलेली तार छेडली की तिच्यातून ठरावीक स्वर निघतात. तार कुठं जाड, कुठं बारीक, त्यावर ते स्वर ठरतात. सरांनी उलटं जायचं धाडस केलं होतं. तारेला हात न लावता, नुसते स्वर ऐकून तिची जाडी ठिकठिकाणी सांगायची. एका खास प्रकारच्या तारांसाठी हे जमतं, असं त्यांनी पान एकशे बारावर सिद्ध केलं होतं.

अलीझानं वही पुढं केली. “मी दोन तारा तयार केल्या, सर. दोन्ही तुमच्या प्रकारच्याच. जाडी येगळी, स्वर मात्र सगळे तेच. एकदा ऐकून भागत न्हाई. एक टोक मोकळं सोडून दुसऱ्यांदा ऐकावं लागतंय.”

सरांनी वही वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. पोरीनं कुठंच फट ठेवली नव्हती. समोरच्या क्लासवाल्यांना नुसता वास लागला असता, तरी त्यांनी गावभर पत्रकं वाटली असती.

“हे कुणाकुणाला ठाऊक हाय?”

“कुणालाच न्हाई. तुम्ही म्हणाल तर वही आत्ताच फाडते, सर. तुमच्यामुळं तर शिकले मी. पुढल्या आठवड्यात तुमचे ॲडमिशन हायेत...”

‘फाड’ एवढा एक शब्द पुरला असता, आणि सरांना तर आता फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

मग ते उठले. स्वतःची खुर्ची ओढून त्यांनी तिच्यापुढं ठेवली. फळा पुसला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

“बस इथं.”

“मी, सर?”

“व्हय, तूच. भूकंपात माझं घर बसलं. तीन महिन्यांनी प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. मोठमोठे परीक्षक आले होते, आन् त्यांनी एकच प्रश्न विचारला, घरातले किती गेले? मी म्हणालो, पाच. त्यांनी डोळे पुसले आन् सह्या केल्या.” सरांनी खडू उचलला. “पंधरा वर्षं झाली, वाट बघायलोय. आता तू गणिताचं विचार.”