मालनगडची हद्द

"चालू व्हतंय का अजून?" संध्यानं विचारलं.

"व्हतंय. जरा टाइम घेतंय," भीमराज म्हणाला. कॉम्प्युटरवर झाकलेला टॉवेल त्यानं काढला आणि त्याच टॉवेलनं पडदा पुसला.

सकाळपासून दोघं भाऊबहीण पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होते, म्हणजे कामाचं काहीच बोलत नव्हते. उद्या सेनगावला जाऊन संध्यानं हक्कसोडावर सही करायची होती. वडील गेल्यावर साखरा गावच्या रानाला माय, भाऊ आणि बहीण अशी तिघांची नावं लागली होती, त्यातलं बहिणीचं नाव काढायचं होतं. मायनं नांदेडला, तिच्या सासरी, फोन करून सांगितलं, "एक सही लागती, येऊन जा." सगळ्याच लेकी देतात. संध्याचीही ना नव्हती, निदान तिला तसं वाटत होतं.

पडद्यावर आधी डोंगर आले, मग नदी, मग नगर. मालनगड! मालनबाई हे मायचं नाव, म्हणून नगराचं नाव मालनगड. उत्तरेला आग ओकणारे ड्रॅगन, दक्षिणेला जादूगाराचं जंगल, आणि मधे ह्या दोघांचं राज्य. सगळा मुलूख मधाच्या पोळ्यासारखा सहाकोनी तुकड्यांत मांडलेला. एकेक तुकडा घ्यायचा आणि हद्द वाढवत न्यायची, असा तो खेळ. वडिलांनी, जळबानं, पोरांनी टायपिंग शिकावं म्हणून हिंगोलीहून हा जुना कॉम्प्युटर आणला होता. टायपिंग राहिलं बाजूला, पोरांनी राज्य केलं.

संध्याला एकदम भरून आलं. सुट्ट्यांतल्या किती दुपारी इथं गेल्या होत्या! एका खुर्चीवर दोघं, अर्धं अर्धं बूड टेकून, माउससाठी एकमेकांना कोपरानं ढोसत. त्या दुपारी परत मिळायच्या नाहीत, हे तिला ठाऊक होतं आणि तरी हव्याच होत्या.

भीमराज पहिल्यापासून हावरा. तुकडा दिसला की घेतलाच. मग धान्य पुरतंय का, विहिरी किती, लोक काहून कुरकुरतात, हे सगळं निस्तरायचं संध्याच्या गळ्यात. एकदा ती शाळेतून यायच्या आत पठ्ठ्यानं डोंगरापर्यंतचा मुलूख घेऊन टाकला. कोठारं रिकामी पडली, लोकांनी बंड केलं आणि अर्धं नगर जळालं. संध्यानं त्याच्याशी अबोला धरला. शेवटी कायदा ठरला, की संध्याला विचारल्याशिवाय एक तुकडासुद्धा घ्यायचा नाही.

"तू अजून खेळून राहिला व्हय?" कोपऱ्यातलं राज्याचं साल बघून तिनं विचारलं. तिच्या लग्नाच्या वेळी होतं त्यापेक्षा ते कितीतरी पुढं गेलं होतं.

"कवा कवा. रानातून आलो की."

तिनं माउस घेतला आणि नगरभर फिरवला. कोठारं काठोकाठ भरलेली. विहिरी बांधलेल्या. लोक खूश. हावऱ्यानं संसार नीट केला होता! पण हद्द तिथंच होती, लग्नाआधी तिनं सोडली तिथं. नदीपलीकडची काळी जमीन नुसती पडून होती, घेणाऱ्याची वाट बघत.

"दादा, इतकं धान्य हाय. मग हद्द काहून वाढवली न्हाईस?"

"कोणाला इचारू?" तो सहज म्हणाला.

संध्या हसली. मग तिचं हसू थांबलं. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आन् साखऱ्याच्या रानाचं? ते कोणाला इचारलंस?"

भीमराजची मान खाली गेली. "मायनं फोन केला व्हता ना..." एवढं तो पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली.

"संध्या, उद्या सही देशील का?"

"न्हाई."

उत्तर इतकं चटकन आलं की दोघंही दचकले. संध्याचे डोळे भरले. "पेर तूच. सोयाबीन तुझं, तूर तुझी, मला एक दाणा नको. पण बाबाच्या रानावर माझं नाव राहू दे रे. इथं माझं दुसरं काय उरलंय?"

पिठाच्या हातानं माय दारात येऊन उभी राहिली होती. "असं काय करतीस गं? समद्या लेकी देतात. गावात लोक काय म्हणतील?"

भीमराजनं मायकडं बघितलं, मग बहिणीकडं. त्याला रानावरचं तिचं नाव निघायला हवं होतं, हे काही खोटं नव्हतं. खिशातला मोबाईल काढून तो अंगणात गेला. सेनगावला कागद तयार करून ठेवणाऱ्या मोहनसिंगला त्यानं फोन लावला. आत दोघींना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"उद्या येत न्हाई आमी... न्हाई, परवा बी न्हाई... भांडण? भांडण कशाचं?"

त्यानं मागं वळून दाराकडं बघितलं.

"बहिणीला इचारलं. ती न्हाई म्हणली."