लंगडा ठोका

“बरकतभाई, गाडी परत बिघडवून दे.”

बरकतने हात पुसता पुसता मान वर केली. भोसरीतल्या त्याच्या गॅरेजात लोक रडत आले होते, भांडत आले होते. हे मागायला कुणी आलं नव्हतं. समोर अजिंक्य उभा होता. चाकणच्या कंपनीतून सकाळची शिफ्ट संपवून थेट आलेला, अंगात कंपनीचा शर्ट तसाच.

“चेष्टा करतो का भावा? परवाच सर्व्हिसिंग केली. टाकीवर पाण्याचा पेला ठेव, थेंब हलणार नाही.”

“तेच तर झालं,” अजिंक्य म्हणाला आणि स्टुलावर बसला.

गाडी म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल. दोघांना हवा देणाऱ्या थ्रॉटल बॉडी वेगवेगळ्या. दोन्हींतून सारखी हवा गेली नाही की उभ्या किंवा संथ गाडीचं इंजिन लंगडतं. अजिंक्यची गाडी कितीतरी दिवस तशीच बोलायची. धड धड म्हणायची, एक ठोका गिळायची, पुन्हा धड धड. बरकतला असं लंगडणं ऐकवत नसे. अशी गाडी आली की तो न विचारता नळ्या जोडायचा, हवेचा दाब दाखवणाऱ्या दोन घड्याळांचे काटे बघत स्क्रू फिरवायचा आणि काटे जोडीनं उभे करायचा, बोहल्यावर नवरानवरी उभी करावीत तसे. परवाही त्यानं विचारलं नव्हतं. आणि अजिंक्यच्या मनातही सांगायचं आलं नव्हतं.

अजिंक्यची आई, शालनबाई, हळूहळू सगळं विसरत चालली होती. आधी नावं गेली, मग माणसं. सून जयमाला तिला शेजारीण वाटायची. लेकाचा चेहराही एक दिवस ओंजळीतल्या पाण्यासारखा निसटला. राहिला तो गाडीचा आवाज. गाडी पाराजवळ वळली की ती उंबऱ्यावरून उठायची. “आला गं माजा वाघ,” म्हणत भाकरीच्या टोपल्याला हात घालायची. मग दारात जो उभा राही तो तिचा लेक असे. निजेपर्यंत लेक असे. “दमलास का रं?” एवढं ऐकायला अजिंक्य अख्खी शिफ्ट ओढायचा. त्या एका गिळलेल्या ठोक्यावर त्याचं लेकपण टिकून होतं.

परवा गाडी गुपचूप दारात आली. शालनबाईनं पदर सावरला. “कोन पायजे? अजिंक्य न्हाई घरी. यील आता.” कालही तेच. जयमालाच्या मोबाइलमध्ये जुन्या आवाजाचा एक व्हिडिओ होता. तो कानाशी धरला, तर म्हातारी हसली. “ह्या डबीत कुटली गाडी?”

बरकतनं गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

“काटे एकत्र आणायचे तर जागा एकच असते, भावा,” तो म्हणाला. “वेगळे करायचे तर कुठं थांबू? मी पहिलं मोजून ठेवलंच नाही.”

“तरी बघ ना, राव.”

त्यानं नळ्या जोडल्या. अजिंक्यनं जयमालाकडून घेतलेला तो व्हिडिओ लावून मोबाइल पुढं धरला. बरकत स्क्रू जरासा सोडायचा, कान द्यायचा, अजिंक्यकडं बघायचा. अजिंक्य मान हलवायचा. कधी गाडी धापा टाकायची, कधी खोकायची, कधी नुसतीच मरायची. नीट करायला शिकलेल्या हातांना बिघडवणं जमेना. ऊन शटरवरून उतरून रस्त्यावर गेलं. आणि मग गाडी एकदम धड धड म्हणाली, एक ठोका गिळला, पुन्हा धड धड.

“हाच!” अजिंक्य ताडकन उठला. “भाई, हाच!”

“घरापर्यंत टिकला पाहिजे. असं कर, माझी स्कूटर घे, पुढं हो. आईजवळ बसून राहा. मी गाडी घेऊन येतो. तिचं तोंड बघ. आवाज चुकला असला तर हात कर, तिथंच स्क्रू फिरवतो.”

शालनबाई उंबऱ्यावरच होती. अजिंक्य शेजारी टेकला तशी ती अंग चोरून सरकली. “बसा, पावनं. माजा ल्योक यील आता.”

“व्हय,” अजिंक्य म्हणाला. “यील.”

पाराजवळ गाडी वळली. धड धड. ठोका गिळला. धड धड.

शालनबाईचे डोळे हलले. विझलेल्या चुलीत फुंकर जावी तसा तिचा चेहरा उजळला. गुडघ्यांची आठवण न ठेवता ती उठली. “आला! आला गं माजा वाघ!”

अजिंक्यही उठला, दोन्ही हात पुढं केले. “आये...”

ती त्याच्या हातांजवळून पुढं गेली.

बरकतनं नुकतं हेल्मेट काढलं होतं. तिनं त्याचं ग्रीसनं माखलेलं तोंड ओंजळीत धरलं. गालांवरून तळवे उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. “दमलास का रं? किती वाट बगायची मानसानं?”

बरकत जागच्या जागी थिजला. गाडी बंद करायचंही त्याला सुचलं नाही. “आई, मी...” म्हणत त्यानं तिच्या डोक्यावरून अजिंक्यकडं पाहिलं.

अजिंक्यनं मान हलवली. नको. सांगू नको.

गाडी दारात तशीच लंगडत बोलत राहिली. शालनबाईनं बरकतचा हात घट्ट धरला, त्याला उंबऱ्याशी आणलं आणि अजिंक्यकडं वळून तोंडभर हसली.

“पावनं, तुमी बी थांबा जेवाया. ह्यो बगा, माजा अजिंक्य आला.”