दहापर्यंतचा उजेड

टेम्पो दारात येऊन उभा राहिला, तेव्हा गोरक्ष रात्रपाळीला निघायच्या गडबडीत बूट घालत होता. मागच्या शेडमध्ये व्यापारी सशाची एकेक मादी उचलून क्रेटमध्ये ठेवू लागला.

"समद्याच?" गोरक्षनं बायकोला विचारलं.

"समद्याच. एकबी गाभण न्हाई. ठेवून काय करायचं?" साधना म्हणाली.

सशांना पिलं व्हायला काय लागतं, असं अख्खं गाव हसून म्हणायचं. इथं मात्र पावसाळा सरल्यापासून पाळणा हललेला नव्हता. सशांचा जम बसला की गोरक्ष चाकणच्या कंपनीतली कायमची रात्रपाळी सोडणार होता. खिडकीला गोधडी लावून तो दिवसभर पडून राहायचा, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता. चांगला धडधाकट माणूस, पार चिपाड झाला होता.

"म्हंजे नाईट काय सुटत न्हाई," तो म्हणाला आणि डबा घेऊन निघाला. नाक्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला.

साधना शेडच्या दारात उभी राहिली. तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? थंडीत दिवस लहान होतो, माद्या नराला जवळ येऊ देत नाहीत, तेव्हा रात्री दहापर्यंत ट्यूब लावून ठेवा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती स्वतः दुपारच्या शिफ्टला कामावर जाताना आठवणीनं बटण दाबून जायची, परतायची ती दहा वाजून गेल्यावरच. दहाला बंद करायचं काम सासऱ्यांचं. तिनं खाद्य बदललं, नर बदलला, म्हसोबाला नारळसुद्धा फोडला. आज सुट्टी टाकली होती, ती एवढ्याचसाठी, की हातानं वाढवलेली जनावरं आपल्या हातानं द्यावीत.

बाहेर अंधारून आलं. ओट्यावर बसलेले धर्माजी गुडघ्यावर हात टेकून उठले, सुनेच्या शेजारून शेडमध्ये शिरले आणि त्यांनी ट्यूब बंद केली.

"ओ आजोबा! लाइट लावा, अजून सहा राहिल्यात!" व्यापारी ओरडला.

"जरा दमानं घ्या की. या वक्ताला निजत्यात त्या."

साधना सासऱ्यांकडं वळली.

"आबा, तुमी रोज आत्ताच बंद करता?"

"व्हय. गोरक्षची बस गेली की करतो." म्हाताऱ्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "माझं लेकरू रातभर कंपनीत असल्याच उजेडात राबतं, त्याची झोप गेली. या मुक्यांना तरी अंधार नको?"

"दहापर्यंत ठेवा म्हणलं होतं ना मी? त्याच्याबिगर त्या नराला लागत न्हाईत!"

"अगं, पिलं नरापासून व्हत्यात का ट्यूबपासून?"

साधनाला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. तिनं बटण दाबलं. उजेडात सहा माद्या कान पाडून बसल्या होत्या.

"दादा, या सहा राहू द्या," ती व्यापाऱ्याला म्हणाली.

"वहिनी, नर तुम्ही कालच दिलेत. ते गेलेसुद्धा हॉटेलात. आता नुसत्या माद्या ठेवून काय करणार?"

साधना बाजूला सरकली. व्यापाऱ्यानं उरलेल्या सहाही क्रेटमध्ये घातल्या. टेम्पोचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला.

"सूनबाई, त्या उजेडानंच झाली असती व्हय पिलं?" धर्माजींनी हळूच विचारलं.

"झाली असती, आबा."

"आन् मग गोरक्ष रातचा घरी असता."

 साधनाला फार रडू येत होतं, पण म्हाताऱ्यासमोर तिनं ते गिळलं आणि पिंजऱ्यातलं उरलेलं गवत बाहेर काढू लागली.

धर्माजी बटणापाशीच उभे होते. रिकाम्या पिंजऱ्यांवर ट्यूब जळत होती. त्यांनी बटणाकडं हात नेला, मागं घेतला.

"आज दहापर्यंत ठिवू ना?" त्यांनी विचारलं.