आजोबांचा वाटा

"खिशात जे काही असेल ते टेबलावर काढून ठेवा," शहरातून आलेल्या नाझिराबाई म्हणाल्या आणि जेवणघरात खसखस पिकली. कोणाच्या खिशातून काय निघणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुरुत. वाळवलेल्या दह्याच्या पांढऱ्या, खारट गोळ्या. या डोंगरातला माणूस एक वेळ घराची किल्ली विसरेल, पण खिशात कुरुत टाकायला विसरणार नाही.

बघता बघता टेबलावर ढीग जमला. गोदाम सांभाळणाऱ्या इमानकुलने आपल्याही गोळ्या त्यात टाकल्या. त्याला मोठी गंमत वाटत होती. कामाच्या जागी विषाचा धोका कुठून येतो ते ओळखायला शिकवणार म्हणून सगळ्यांना हातातलं काम टाकून बोलावलं, आणि ही बाई कुरुत गोळा करत बसलीय. सोन्याच्या या कारखान्यात त्याचे केस पिकले होते. दगडातलं सोनं विरघळवायला लागणारं सायनाइड रोज त्याच्याच हाताखालून जायचं. त्याला कोण काय शिकवणार?

नाझिराबाईंनी एक बरणी उघडली. आत पांढरा गोळा होता. हा खरा नाही, प्लास्टरचा आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं; रंग-रूप मात्र सायनाइडच्या ढेकळाचंच. मग तो त्यांनी ढिगात टाकला, ढीग हाताने कालवला आणि म्हणाल्या, आता यातलं विष कोणतं ते दाखवा.

सगळे वाकून बघायला लागले. याने एक उचलली, त्याने दुसरीच. ट्रक चालवणारा काचिबेक म्हणाला, "त्यात काय एवढं? चाटून सांगतो." पुन्हा हशा.

बाई हसल्या नाहीत. "तुम्ही चाटाल आणि जाल, दादा. पण हे घरी पोचलं तर? संध्याकाळी तुमच्या खिशात हात कोण घालतं?"

हशा जागच्या जागी विरला. कोण घालणार? पोरंच. आजोबा दारात आले की नातवंडं आधी त्यांच्या खिशालाच लोंबकळतात. घरोघरी तेच.

इमानकुलचा हात आपोआप छातीकडे गेला, कोटाच्या आतल्या खिशाकडे. खिसा रिकामा होता. असणारच, हा कोट ठेवणीतला होता. शहरातली बाई शिकवायला येणार, भिकाऱ्यासारखे जाऊ नका, म्हणत बायकोने सकाळी बळेच अंगात चढवलेला. कामाचं जाकीट घरी खुंटीवर होतं.

काल गोदाम बंद करताना दारामागे एक ढेकूळ सापडलं होतं. सायनाइडच्या पिंपाला सील लागून गेलेलं. बाहेर बस भोंगा वाजवत होती, घाटात बर्फ सुरू झालं होतं. असंच कसं टाकून जायचं, म्हणून त्याने हातमोजा घालून ते उचललं, पावाच्या रिकाम्या पिशवीत घातलं, घट्ट गाठ मारली आणि आतल्या खिशात ठेवलं. सकाळी नीट पिंपात टाकू. केवढी काळजी घेतली होती त्याने! कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत हा नियमही त्याला पाठ होता. पण त्या थंडीत कोण जाकीट काढून ठेवतंय? सगळेच घालून जात.

तो उठला तेव्हा बाक उलटला. काय झालं म्हणून कोणीतरी विचारलं. कामावर येताना मोबाइल फाटकावरच्या चौकीत जमा करावे लागत. तो बर्फात घसरत, धडपडत चौकीपर्यंत धावला. आपला मोबाइल हिसकून घेतला आणि घरचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. नुसती वाजत राहिली. शेवटी बायकोने फोन उचलला.

"सैरा, बेगिमाय कुठाय?"

"ही काय माझ्या पुढ्यात. बाहुलीची वेणी घालतेय," बायको म्हणाली. "का हो?"

त्याने जाकिटाचं विचारलं. सैरा हसली. जाकीट त्यांच्या नातीने, बेगिमायने, सकाळीच धुंडाळलं होतं. बाहेरच्या खिशातले कुरुत तेव्हाच फस्त झाले. आतल्या खिशातला तेवढा तिने खाल्ला नाही. इतका जपून बांधलाय म्हणजे हा आजोबांचा वाटा, असं म्हणून पिशवीसकट त्यांच्या चहाच्या वाडग्यात ठेवून दिला.

इमानकुल चौकीच्या पायरीवर बसला. त्याला रडू आलं. गुणाची पोर ती, आपल्या वाट्याला हात लावला नाही तिने. गाठ तशीच होती. आता फक्त सैराला सांगायचं, वाडगा उचल, बाहेर नेऊन ठेव. तो श्वास घेत होता तेवढ्यात पलीकडे पिशवीची कुरकुर ऐकू आली.

"तुम्ही एवढं विचारताय म्हणून गाठ सोडली बघा," सैरा म्हणाली. "कोणाकडचा आणलात हो? वास काही दह्याचा येत नाही. थांबा, चाटून सांगते."

तो ओरडला. काय ओरडला ते त्याला नंतरही आठवलं नाही. जेवणघरातली माणसं बाहेर धावत आली, नाझिराबाई सगळ्यांच्या पुढे.

फोनमध्ये टक्‌ असा आवाज झाला. मग काहीच नाही.

"सैरा?"

त्याने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. बऱ्याच वेळाने लांबून नातीचा आवाज आला.

"आजी, आजोबांचा वाटा पडला. उचलू?"

आणि मग सैराचा, भीतीने ओळखू न येणारा. "हात लावायचा नाही. मागे हो, बाळ. अजून मागे."