न वाजलेली भांडी

पुढचं डावं चाक दगडावरून घसरलं आणि घरगाडी एका अंगाला कलली. सुताराने ब्रेकवर पाय रोवला. शेजारच्या सीटवर बसलेल्या मुलीने डोळे गच्च मिटून घेतले. खाली धोंड्यांनी भरलेला कोरडा ओढा होता आणि डांबरी रस्ता केव्हाच मागे राहिला होता.

खरं तर डांबरी रस्ता सोडायचाच नाही, असं ठरलं होतं. बायकोने निघताना तेवढं एकच कबूल करून घेतलं होतं. पण फाट्यावर तलावाची पाटी दिसली आणि सुताराला राहवलं नाही. मुलगी लवकरच नोकरीसाठी दूरच्या शहरात जाणार होती. मग राहतं घर विकायचं आणि दोघांनी या गाडीतच संसार थाटून हिंडायचं, हे त्याने मनाशी कधीच पक्कं करून टाकलं होतं. बायकोचा होकार तेवढा बाकी होता. परत जाताना सांगते, म्हणाली होती. तलावाच्या काठी बसवून विचारलं की विरघळेल, असा याचा बेत.

गाडीही काही ऐरीगैरी नव्हती. जुनी मिनीबस घेऊन तिच्या पोटात त्याने स्वतःच्या हातांनी पलंग, ओटा आणि ओट्यावर भिंतभर कपाटं बसवली होती. कपाटांवर त्याचा भारी जीव. दारांना ना मूठ ना कडी. कडेला बोट घालून ओढलं की उघडायची, ढकललं की आवाज न करता घट्ट बसायची. बायकोने कड्यांचा विषय काढला, तेव्हा तो हसला होता. ज्याला दार बसवता येत नाही तो कडी लावतो, म्हणाला होता.

त्याने मुलीला खाली उतरून पुढे उभं राहायला आणि हाताने वाट दाखवायला सांगितलं. ती उतरली. मग त्याने मागे मान वळवली. पुढच्या सीटा आणि मागचं घर यांच्यामध्ये जाड पडदा होता.

"तूही उतर गं," तो म्हणाला.

"तुम्ही चला," पडद्यामागून बायको म्हणाली. "मी आहे इथे."

"अगं, उलटली तर?"

"चला म्हटलं ना."

सुताराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्कूटरवर मागे बसली तरी खांद्यात नखं रुतवणारी बाई ही! आणि आज नवऱ्याच्या भरवशावर मागे निवांत बसून आहे. आता तलावावर विचारायचीही गरज नाही, असंच त्याला वाटून गेलं.

मुलगी हात हलवत मागे मागे सरकत होती. थोडं उजवीकडे, थांबा, आता या. गाडी एका धोंड्यावरून उतरली की दुसऱ्यावर चढायची. एकदा मागचं चाक हवेत नुसतंच गरगरलं. सुताराने देवाचं नाव घेतलं, शिवी हासडली, पुन्हा देवाचं नाव घेतलं. शेवटी इंजिन रडतखडत का होईना काठावर चढलं आणि समोर तलाव दिसला.

मुलगी धावत आली, हसत होती आणि डोळे पुसत होती. सुताराने स्टिअरिंगवर थाप मारली आणि पडद्याकडे मान वळवून म्हणाला,

"ऐकलंस? एवढ्या धोंड्यांतून आलो, पण मागे एक भांडं वाजलं नाही. याला म्हणतात काम."

शाबासकी घ्यायला म्हणून त्याने पडदा सरकवला.

बायको ओट्याशी उभी होती. पाय पलंगाच्या खुराला अडवलेले, दोन्ही हात ताणून दोन टोकांच्या दारांवर दाबलेले, आणि मधल्या दारावर कपाळ टेकवलेलं. ती वळली नाही.

"थांबली का?" तिने विचारलं. "नक्की थांबली?"

तो हो म्हणाला, तेव्हा तिने एकेक हात खाली घेतला. बोटं सरळ होईनात. कपाळावर दाराच्या कडेची लाल रेघ उमटली होती. डावं मनगट सुजायला लागलं होतं.

"कधीपासून?" सुताराने विचारलं.

फाट्यापासून, ती म्हणाली. पहिल्याच खड्ड्यात दोन दारं उघडली होती.

"मग सोडून द्यायचं ना. फुटली असती भांडी तर फुटली असती. जिवापेक्षा का जास्त होती?"

"भांड्यांचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. "एवढे खपलात त्या दारांसाठी. पोरीसमोर तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

सुतार कपाटांकडे बघत राहिला. दारांची काही चूक नव्हती. ती त्याच्या कारखान्याच्या सपाट फरशीवर उभ्या गाडीत बसवलेली होती आणि तिथे ती उत्तम बसत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. बायको मागे टांगलेली असताना आपण पुढे छाती फुगवून बसलो होतो, हे आता काही केल्या मनातून जाणार नव्हतं. मुलीने ओला रुमाल आणला आणि आईच्या मनगटाला गुंडाळला.

तलाव समोर होता. सुताराने काही विचारलं नाही.

"घरी गेलो की पहिल्यांदा कड्या बसवतो," तो म्हणाला.

"बसवा," ती म्हणाली. दुसऱ्या हाताने मनगट धरून ती पायरीवर बसली. पाण्याकडे बघत म्हणाली, "पण घर विकू नका."

एक दार अजून थोडं उघडं होतं. सुताराने ते ढकललं. ते नेहमीसारखंच, आवाज न करता बसलं.